उजव्या हाताची बोटं

प्रिय मित्रा,

पाच महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे फोन आले तेही घेतले नाहीत. रागावला असशील, तो तुझा हक्कच आहे. पण आज जे लिहितोय ते तुझ्याखेरीज कुणाला सांगवत नाही. माझी तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, एवढंच.

कॅमेरा घेतल्याचं तुला सांगितलं होतं. ५० मिमीची एकच लेन्स, आणि लांब कुठे न जाता घरातलंच रोजचं टिपायचं असं ठरवलं होतं: दप्तर भरणं, केस विंचरणं, आईची दुपारची डुलकी. घरात उजेड बेताचा. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/१.८ पर्यंत मोठं उघडलं की धाकटीचे डोळे लख्ख येतात आणि कान धूसर. शटर सावकाश ठेवलं की पळणाऱ्या मुलांचे नुसते रंगीत फराटे. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवला की सावल्यांत दाणे. एक हवं तर दुसरं सोडायचं. या देवाणघेवाणीत मी रात्र-रात्र रमतो.

धाकटीने एकदा कॅमेरा पळवून चाळीस फोटो काढले, सगळे आमच्या गुडघ्यांचे. विचारलं तर म्हणते, "तुम्ही वरच राहता ना!" तेव्हापासून मी जमिनीवर बसून फोटो काढतो. फ्रान्समधला लार्तिग नावाचा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याच्या हातात कॅमेरा दिला, आणि तो घरातल्यांच्या उड्या, गमतीजमती टिपत राहिला. जगाने त्याची खरी दखल घेतली ती १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन भरलं तेव्हा. तोवर तो ६९ वर्षांचा झाला होता. "घरचे फोटो कोण बघणार?" असं तू म्हणाला होतास ना, त्याचं हे उत्तर.

आता मुख्य गोष्ट. किती वेळ टाळतोय बघ.

गेल्या महिन्यात बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. छान तिरपा उजेड होता. आयएसओ ४००, शटर १/३० सेकंद. रात्री मोठ्या पडद्यावर पाहिलं, तर चष्म्याची काडी, शर्टाचं बटण, डाव्या हातावरच्या शिरा, सगळं स्वच्छ. मांडीवर टेकलेल्या उजव्या हाताची बोटं तेवढी पुसट. आधी वाटलं, माझा हात हलला. पण कॅमेरा हलला तर सगळी चौकट हलते, एकटी बोटं नाही. मग जुने फोटो काढून बसलो. प्रत्येक फाइलमध्ये तारीख, वेळ, शटर सगळं नोंदलेलं असतं. सात महिन्यांपूर्वी तीच खुर्ची, तेच १/३०, बोटं स्थिर. चार महिन्यांपूर्वी अंगठ्याची कड किंचित विस्कटलेली. आणि आता हे.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. हातात पेन असलं की हात शांत असतो, रिकामा टेकला की थरथरतो. म्हणून घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाबा रिकामे बसतात कधी? थरथरीची कारणं पुष्कळ असतात, थायरॉईड असू शकतं, एखादं औषधही. पण विश्रांतीत थरथरणारा एकाच बाजूचा हात म्हटलं की मनात कुठलं नाव येतं, ते तुला मी सांगायला नको.

तुझ्या बाबांचा कंपवातही उजव्या हातापासूनच सुरू झाला होता. त्या उन्हाळ्यात मी त्यांचे फोटो काढत होतो आणि तू ओरडलास, "फोन ठेव आधी, माणूस बघ!" चार महिने आपण बोललो नाही. तेव्हा मला तू चुकीचा वाटला होतास. मी माणूसच बघत होतो, असं आजही मला वाटतं. पण तुला त्या क्षणी काय दिसत होतं, ते मला आत्ता कळलं.

कारण गेल्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. बाबांचा फोटो काढताना माझं बोट आपोआप शटर १/५०० वर नेतं. त्यासाठी आयएसओ ६४०० करावा लागतो, फोटोभर दाणे येतात, तरी नेतं. १/५०० ला त्यांची बोटं स्थिर दिसतात. पंधरा दिवस मी असेच फोटो काढले आणि आईला दाखवले. "किती छान आलेत," म्हणाली.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या गुरुवारची. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तो १/३० चा फोटो त्यांच्यापुढे ठेवू, की नुसतं शब्दांत सांगू? तू तुझ्या बाबांना कसं सांगितलंस, हे मी कधी विचारलंच नाही. गुरुवारच्या आत फोन कर. या वेळी उचलेन.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा निकाल लागला असेल, कळव. पोरं आता उंच झाली असतील.

आणि त्या उन्हाळ्यातले अकरा फोटो अजून माझ्याकडे आहेत. तू मागितले नाहीस, मी पाठवले नाहीत. एकात तुझे बाबा तुझ्याकडे बघून हसताहेत आणि त्यांचा हात पुसट आलाय. हवा असेल तर सांग.

तुझाच,
मी