मातीतल्या बारीक जिवांचा दुष्काळ कोण मोजणार?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

दुष्काळाच्या बातम्या मी न चुकता वाचतो. पाऊस किती टक्के कमी झाला, धरणात किती पाणी उरलं, पिकं किती गेली, चाऱ्याचं काय, हे सगळं तुम्ही छापता आणि ते छापायलाच पाहिजे. पण सोबत भेगाळलेल्या जमिनीचा जो फोटो असतो ना, त्या भेगांच्या आत जे राहतात त्यांच्याबद्दल एक ओळ पण कधी वाचायला मिळाली नाही, म्हणून हे पत्र.

मातीतले बारीक जीव बघायची एक सोपी पद्धत आहे. बर्लीज नावाच्या इटालियन कीटकतज्ज्ञाने ती १९०५ मध्ये काढली आणि नंतर स्वीडनच्या टुलग्रेनने त्यात दिवा वापरायला सुरुवात केली. नरसाळ्यावर जाळी, जाळीवर माती, वरून बल्ब. माती वरून सुकत येते तसे आतले जीव ओल शोधत खाली खाली सरकतात आणि शेवटी जाळीतून पडतात. मी खाली ओला कागद ठेवतो म्हणजे बघून झाल्यावर त्यांना परत मातीत सोडता येतं. पहिल्यांदा मूठभर मातीतून एवढे जीव पडले की मी बघतच बसलो. पण एकदा मोठा बल्ब लावला, माती पटकन वाळली, आणि खाली फारच थोडे आले, मऊ अंगाचे बहुतेक वाटेतच वाळून मेले असणार. ते मला फार लागलं, कारण कडक उन्हात उघड्या जमिनीचं हेच होतं, फक्त तिथे खाली ओला कागद नसतो.

यातले स्प्रिंगटेल म्हणजे एक-दोन मिलिमीटरचे, सहा पायांचे, बरेचसे शेपटीखालच्या काट्याने टुणकन उडी मारणारे. त्यांचा श्वास मुख्यतः कातडीतून चालतो, म्हणजे जिथून हवा आत येते तिथूनच अंगातलं पाणी बाहेर जातं. एरवी त्यांचं निभतं, कारण झाडं कोमेजायला लागतात तेव्हा सुद्धा मातीच्या पोकळ्यांमधल्या हवेची आर्द्रता ९९ टक्क्यांच्या आसपास असते. वर आपल्याला फुफाटा दिसतो पण आत अजून दमट असतं. त्याच्याही खाली आर्द्रता गेली की खरी परीक्षा सुरू होते. फोल्सोमिया कँडिडा नावाचा एक स्प्रिंगटेल अंगातली साखर वाढवतो आणि त्या जोरावर चक्क हवेतली वाफ शरीरात ओढून घेतो, हे १९९९ मध्ये संशोधकांनी दाखवलं. मात्र त्याला तयारीला वेळ लागतो, माती हळूहळू सुकली तरच जमतं. म्हणून मला वाटतं की पाऊस किती कमी झाला याच्या इतकंच जमीन किती झपाट्याने तापली आणि वाळली हे महत्त्वाचं आहे, आणि ते मात्र बातमीत कुठेच नसतं.

बरं, खाली पळून जावं म्हटलं तर स्प्रिंगटेल आणि मातीतले माइट (कोळ्यांच्या नात्यातले आठ पायांचे बारीक जीव) यांना बीळ करता येत नाही, आहेत त्या फटींमधूनच वाट काढावी लागते. जड यंत्रं फिरून जमीन दडपली गेली असेल तर ती वाट पण बंद. गांडूळ खोल जाऊन अंगाची गाठ मारून चिकट कोशात पडून राहतं, पण त्यालाही खाली थोडी ओल लागतेच. सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे अगदी बारीक कृमी, तर मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातच राहतात, तो थर आटला की त्यांचं हिंडणंफिरणं बंद. काही जण जवळजवळ पूर्ण सुकून निपचित पडतात आणि पाणी मिळालं की पुन्हा वळवळायला लागतात, पण सगळ्यांना हे जमत नाही. २०१९ च्या एका अभ्यासात जगातल्या मातीच्या वरच्या थरात दर माणसामागे साधारण ५७ अब्ज सूत्रकृमी असल्याचा अंदाज काढला होता. एवढी मोठी वस्ती आपल्या हिशोबातच नाही!

लोक म्हणतात पाऊस आला की सगळं परत येतं. सगळं नाही येत हो. अंडी टिकून राहिलेले स्प्रिंगटेल लवकर वाढतात, पण मातीतल्या कितीतरी माइटची वाढ फार संथ असते, काहींना पिल्लापासून मोठं व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, त्यामुळे लागोपाठ दोन वर्षं कोरडी गेली की त्यांची संख्या भरून यायला फार वेळ जातो. आणि हे जीव काय करतात तर पालापाचोळा कुरतडून बारीक करतात, बुरशी आणि जिवाणू खातात, त्यातून नत्र मोकळं होऊन मुळांना मिळतं. ते कमी झाले की पाचोळा तसाच पडून राहतो.

दुष्काळ आपल्या हातात नाही, पण जमीन उघडी ठेवायची की झाकायची हे आहे ना. पाचोळा आणि पिकाचे अवशेष जाळू नका, पसरून ठेवा, वाळलेली जमीन उगाच खोल नांगरू नका. आच्छादनाखालची माती हात लावून बघा, गार लागते, आणि नेमक्या त्या गारव्यातच ही वस्ती तग धरते.

तुम्हाला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी भेगाळलेल्या जमिनीचा फोटो छापाल तेव्हा एखाद्या मृदाशास्त्रज्ञाला विचारा की इथे ओल किती खोल गेलीय आणि त्या ओलीत अजून काय काय जिवंत आहे, आणि ते उत्तर फोटोच्या खालीच छापा.

आपला,
एक नियमित वाचक