कोंबडीचा क

दांडिया बाजार, बडोदा
गुरुवार

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तिथल्या, थायलंडच्या शाळेतल्या पगाराचं आणि एजन्सीवाल्याचं जे सांगितलंस, त्यावर मी लगेच काही बोलले नाही. तुझा आवाज रडवेला होता, बाबा शेजारी होते, आणि घाईत माझ्या तोंडून भलतंच काही गेलं असतं. म्हणून आज सकाळची कामं उरकून लिहायला बसले.

आधी त्या 'वाय ख्रू'च्या, तिथल्या गुरुवंदनाच्या सोहळ्याच्या फोटोबद्दल. मुलं गुडघ्यांवर बसून तुझ्यापुढे थाळी धरतायत, तो फोटो मी मोठा करकरून पाहिला. थाळीत दूर्वा, लाह्या आणि वांग्याचं फूल! 'ख्रू' म्हणजे आपलाच 'गुरू', सोहळाही गुरुवारीच करतात आणि त्यांचा गुरुवारही बृहस्पतीच्याच नावाचा, हे वाचून मला भरून आलं. वांग्याचं फूल मान खाली घालून असतं म्हणून नम्रतेचं, हरळी तुडवली तरी पसरत जाते म्हणून चिकाटीची. इतकी वर्षं आपण गणपतीला दूर्वा वाहतो, पण शिक्षकाला वाहाव्यात हे मला सुचलं नव्हतं.

आणि ज्या मुलांनी ती थाळी तुझ्यापुढे धरली, त्यांच्याच आईबापांना पालकसभेत तू 'माझं लहानपण लंडनला गेलं' असं सांगायचं? तुला ही नोकरी लावून देणारा एजन्सीवाला म्हणतो, बडोद्याचं नाव काढू नकोस, पालकांना बरं वाटत नाही. केतकी, हे करायचं नाही. त्याला बरं वाटो वा न वाटो.

त्याच इयत्तेला शिकवणाऱ्या त्या गोऱ्या मुलाला तुझ्यापेक्षा जास्त पगार आहे, हे ऐकून माझाही जीव जळला. तू बी.एड. केलंस, टोइक ही इंग्रजीची परीक्षा दिलीस. त्याला ती परीक्षा नुसत्या पासपोर्टावर माफ. हा अन्यायच आहे. पगाराबद्दल तू जरूर बोल, आणि लेखी बोल. पण तो भरून काढायला खोट्या गावाचा आधार घेतलास, तर रोज वर्गात शिरताना तेच ओझं डोक्यावर राहील. एखाद्या मुलाने लंडनबद्दल साधा प्रश्न विचारला तरी तुझी छाती धडधडेल.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. गुजराती माध्यमाची शाळा, सातवीचा वर्ग. एक मुलगा धडा वाचताना 'स्नॅक्स'च्या जागी 'स्नेक्स' म्हणाला. मी हसले. मी हसले म्हणून सगळा वर्ग हसला. तो मुलगा दिवाळीपर्यंत माझ्या तासाला एक शब्द बोलला नाही. मग एका रात्री मी आरशासमोर उभी राहून दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हटले. 'ए' म्हणताना ओठ बाजूला ताणतात, 'ॲ' म्हणताना जबडा खाली येतो. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, दातांमध्ये बोट मावेल एवढं तोंड उघडा आणि म्हणा. त्यालाही जमलं. पण ते हसणं मला अजून टोचतं.

तुझ्या मुलांचं अडणं वेगळ्या जागी आहे. थाईत 'ॲ' आहे, तो त्यांना येतो. ती अडतात जोडाक्षरावर, 'स्नेक'चं 'सनेक' होतं. शब्दाच्या शेवटचा 'ल' त्यांच्या तोंडी 'न' होतो, कारण त्यांच्या भाषेत शब्द 'ल'च्या उच्चारावर संपतच नाही. आणि 'यस्टरडे आय गो' म्हणणारा मुलगा आळशी नसतो. काळाप्रमाणे क्रियापद बदलतं हेच त्याला नवीन, 'काल' म्हटलं की त्याच्या भाषेत काम भागतं. ज्याला इंग्रजी आईच्या मांडीवर आयती मिळाली, त्याला मुलांचं हे अडणं मुद्दाम शिकून घ्यावं लागतं. तुला ते आतून कळतं, कारण तूही याच वाटेने ठेचकाळत गेलीस. पालकसभेत हेच सांग: मी बडोद्याची, घरी मराठी, गल्लीत गुजराती, मग हिंदी, आणि इंग्रजी माझी चौथी भाषा. तुमची मुलं कुठे अडतात ते मला माहीत आहे.

आपल्या बडोदा कॉलेजात अरविंद घोष, म्हणजे पुढचे योगी अरविंद, इंग्रजी शिकवत. सातव्या वर्षी विलायतेला गेलेला माणूस 1893 मध्ये परतला तो बडोदा संस्थानाच्या नोकरीत, आणि 1906 पर्यंत इथे राहिला. इंग्रजीवर त्यांची हुकूमत, पण मराठी, गुजराती ते इथे येऊन शिकले, बंगालीसुद्धा नीट इथेच. तूही थाई शिक. अक्षरांचा क्रम आपल्यासारखाच आहे, आधी क-वर्ग, मग च-वर्ग. आपला क कमळाचा, त्यांचा 'को काय' म्हणजे कोंबडीचा, आणि ख अंड्याचा.

आता कागदांचं, आणि हे नीट ऐक. नोकरी सुटली तर त्याच नोकरीवर मिळालेला व्हिसाही जातो, आणि मुदतीपुढे राहिलं तर दिवसाला 500 बाट दंड. म्हणून दुसऱ्या शाळेचे कागद हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. 'सीमेपलीकडे जाऊन पर्यटक म्हणून परत ये, मग नवीन ठिकाणी लाग' असं तो एजन्सीवाला म्हणाला ना? पर्यटक म्हणून शिरून नोकरी करणं तिथे गुन्हा आहे. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. 2025 च्या मार्चमध्ये म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेली आपली पाचशेच्या वर माणसं थायलंडच्या सीमेवरच्या माय सोटहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणली. नोकरीच्या नावाखालीच नेलं होतं त्यांना. तुझं तसं नाही, मला माहीत आहे, पण आईचं मन.

बाबांनी तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. ते म्हणाले, तिला सांग, लागले नाहीत तर उत्तम. शेजारच्या काकूंचा भाचा पुढच्या महिन्यात बँकॉकला येतोय, त्याच्याबरोबर लीलो चेवडो आणि भाकरवडी पाठवते. थोडी वर्गातही वाट.

पुढच्या वेळी तुझ्या हाताने काढलेला 'को काय' पाठव. आणि पालकसभा झाली की फोन कर. तुमचं घड्याळ दीड तास पुढे, तुझे अकरा वाजले तरी इथे साडेनऊच असतात. मी जागीच असेन.

तुझी,
आई