ड्रम कापण्याआधी हे वाच

कॅन्सस सिटी,
रविवार

प्रिय अंतोन,

मांस धुरावर भाजायचा स्मोकर करायला तू घेतलेल्या ड्रमचा फोटो पाहिला. पत्रा चांगला जाड आहे. पण वेल्डरकडे न्यायच्या आधी खात्री कर, की आतून रंग नाही, जस्ताचा मुलामा नाही आणि पूर्वी त्यात खाद्यतेलाशिवाय दुसरं काही भरलेलं नाही. तापल्यावर त्याचा विषारी धूर सुटतो आणि तो मांसाला लागतो. एवढं जमलं की बाकी सगळा खेळ हवेच्या भोकांचा, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा नवा स्मोकर म्हणजे वेबर कंपनीचा स्मोकी माउंटन. 1981 साली आलेलं हे मॉडेल अजून चालतं, कारण रचना अगदी साधी आहे. तळाला कोळसा, मधे पाण्याची परात, वर जाळी. परातीमुळे धग थेट मांसाला लागत नाही आणि आतलं तापमान एकदम भडकत नाही. आपल्याला हवं 110 ते 120 अंश, तेही पाच-सहा तास. म्हणून कोळसा सगळा पेटवायचा नाही. न पेटलेला भरायचा, वर थोडेच लाल निखारे ठेवायचे. आग आपसूक खाली सरकत जाते. उष्णता वाढली तर खालची भोकं आवळायची. वरचं मात्र उघडंच ठेव. धूर कोंडला की मांसावर काजळी बसते आणि सगळं कडू होतं. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊ दे. तो विरळ, निळसर दिसायला लागला की मगच डुकराच्या बरगड्या आत.

मी सेंट लुईस कट आणतो, म्हणजे कूर्चेचा भाग काढून चौकोनी केलेली पट्टी. हाडाच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. चमच्याच्या दांड्याने कोपरा सैल करायचा, हातातून निसटतो म्हणून कागदी रुमालाने पकडायचा आणि ओढायचा. चर्रकन अख्खा निघतो तेव्हा फार बरं वाटतं! तो ठेवला तर मसाला आत शिरत नाही आणि खाताना चिवट लागतो. मग मीठ, मिरी, पापरिका (सौम्य लाल मिरचीची पूड), लसूण पूड आणि ब्राउन शुगर चोळायची. निखाऱ्यांत हिकरी या इथल्या झाडाच्या लाकडाचे मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात.

डुकराचं मांस आतून 63 अंशांना पोचलं की खाण्याजोगं होतं, पण बरगड्या तेव्हा वातड असतात. त्यांतलं कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो. नव्वदीच्या पुढे गेल्यावरच त्या मऊ होतात. चिमट्याने पट्टी उचल. छान वाकली आणि वर भेगा पडल्या की झालं. कडेला गुलाबी पट्टा दिसेल, तो कच्चेपणा समजू नकोस. धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडने मांसाचा रंग तसा टिकून राहतो. आणि हाडावरून आपोआप गळणारं मांस म्हणजे उत्तम, हे मला मुळीच पटत नाही. ते जास्त शिजलेलं असतं. दाताने तोडल्यावर घासाची खूण स्वच्छ उमटली पाहिजे. इथले बार्बेक्यू स्पर्धेतले परीक्षकही तेच बघतात.

या शहराला ही चव लावली हेन्री पेरीने. टेनेसीहून आलेला हा कृष्णवर्णीय माणूस 1908 पासून इथे ओक आणि हिकरीवर भाजलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचा. त्याच्याकडे काम केलेल्या चार्ली ब्रायंटने पुढे धंदा सांभाळला, मग त्याचा भाऊ आर्थर याने. आर्थर ब्रायंटचं दुकान अजून चालू आहे. तू आलास की पहिल्याच दिवशी तिथे जायचं. पेरीचा सॉस झणझणीत होता म्हणतात. आज कॅन्सस सिटीचा म्हणून ओळखला जातो तो टोमॅटो आणि मोलॅसिसचा (म्हणजे काकवीसारख्या पाकाचा), गोड. तो शेवटच्या अर्ध्या तासातच लावायचा, नाहीतर साखर करपते.

तुझ्याकडे हिकरी कुठून येणार? पेरूचं चांगलं वाळलेलं लाकूड घे, साल काढून. डिंकाळ लाकूड नको. मसाल्याला मात्र माझं ऐकू नकोस. मावशींचा बॉटल मसाला, म्हणजे आपला ईस्ट इंडियन घरांतला मसाला, आणि थोडं व्हिनेगर लाव. इंदियाल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, खाऊन वाढलेल्या घराला ते जास्त आवडेल, याची मला खात्री आहे.

भोकं पाडून झाली की फोटो पाठव, झाकणाचं माप मग सांगतो. मावशींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप