अंदमानची सहल आमच्या फाट्यापासून सुरू होते

संपादक साहेब,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अंदमानवर पानभर आलं ते आमच्या घरी सगळ्यांनी वाचलं, फोटो तर पोरांनी कापूनच घेतले. पाच रात्री सहा दिवस, त्यात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, रॉस, बाराटांग सगळं बसवून दाखवलं आणि वरून लिहिलं की फॅमिलीसाठी एकदम बेस्ट. लिहिणारे भाऊ कोण ते माहीत नाही पण त्यांच्या फॅमिलीत तीन वर्षांचं पोट्टं नसणार हे मी पैज लावून सांगते. आम्ही समुद्रपूर तालुक्यातले, घरी कापूस, तूर, चना, दोन लहान लेकरं आणि सासूबाई असं सगळं लटांबर घेऊन तिकडे जाऊन आलो, म्हणून म्हटलं दोन शब्द लिहावे, छापायचं की नाही तुमचं तुम्ही बघा.

लेखातली सहल मुंबईच्या विमानतळावर सुरू होते, आमची सुरू होते फाट्यावर ऑटोची वाट पाहत. नागपूरवरून मध्ये विमान बदलल्याशिवाय आम्हाला काही मिळालं नाही, आणि मधला थांबा कधी अर्ध्या रात्रीचा तर कधी सहा सहा तासांचा, लेकरू मांडीवर झोपलेलं अन् आपण विमानतळावरच्या गार खुर्च्यांवर बसून, नको बाप्पा. पण एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही की चेन्नईला जाणाऱ्या गाड्या आपल्याच दारातून जातात, सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशा ही सगळी त्याच लाईनवरची स्टेशनं. एक रात्र झोपून काढली की चेन्नई, सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो विमानतळापर्यंत जाते, एक मुक्काम करा, लेकरांना अंघोळ घाला, झोपू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान पकडा, दोन-सव्वादोन तासात पोर्ट ब्लेअर. रेल्वेत पाच वर्षांच्या आतल्या लेकराला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीटच नाही. विमानात मात्र दोन वर्षांच्या आतलं मांडीवर चालतं आणि दोन पूर्ण झाले की स्वतंत्र सीट घ्यावी लागते, वय प्रवासाच्या तारखेचं धरतात, म्हणून जाण्यायेण्याच्या मधातच वाढदिवस येत असेल तर येतानाची सीट आधीच धरून ठेवा नाहीतर काउंटरवर भांडत बसाल. जन्मदाखला सोबत पाहिजेच. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमवरून जहाजही जाते पण समुद्रावर तीनेक दिवस, ते लहान लेकरं घेऊन करायचं काम नाही. तिकीट काढताना श्री विजयपुरम दिसलं तर घाबरू नका, 2024 पासून पोर्ट ब्लेअरचं तेच नाव आहे, आणि हॅवलॉकला स्वराज द्वीप अन् नीलला शहीद द्वीप 2018 पासूनच म्हणतात, पण बोलताना सगळे जुनीच नावं घेतात.

आता सगळ्यात मोठा घोळ म्हणजे जायचं कधी. तुमच्या लेखात सरळ लिहिलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत जा. अहो, आपल्याकडे सुट्ट्या लागता लागता एप्रिल संपतो, मे उजाडतो, घरातली लग्नं लागतात, आणि मंग माणूस म्हणतो मे महिन्याच्या शेवटी नवतपात निघून जाऊ, इथली गर्मी तरी चुकंल. तर नेमका मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मान्सून पहिले अंदमानात पोचतो, आपण इथे कूलरमध्ये पाणी भरत असतो तेव्हा तिथे धो धो चालू असते अन् समुद्र खवळलेला, बोटी कधी रद्द होतील नेम नाही. बरं दिवाळीच्या सुट्टीत जावं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात आणि परतीचा पाऊस वेगळाच, वरून आपल्या घरी तेव्हा कापूस वेचणीला मजूर शोधणं चालू. म्हणजे शाळेच्या दोन्ही सुट्ट्या समुद्राच्या हिशोबाने वाईटच. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिथला समुद्र शांत, त्यात आपली तूर निघून, चना घरात येऊन पडला की फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचे पहिले दोन आठवडे हाच काय तो मोकळा वेळ. लेकरं अंगणवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत असतील तर आठवडाभर शाळा बुडली म्हणून काही आभाळ कोसळत नाही, बाईंना आधी सांगून जा. मोठ्या वर्गातली असतील तर एप्रिल संपता संपता, परीक्षा झाल्या की लगेच, मे मध्यापर्यंत परत. त्याच्या पुढे नको.

गर्मीचं पण एक सांगते. आपल्या लोकांना वाटते आपली लेकरं 45-46 डिग्रीतली, त्यांना 31-32 डिग्री म्हणजे थंडीच. तसं नाही होत. आपली हवा कोरडी, घाम आला की वाळते आणि अंग थंड होते, तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, लेकरू ओलंचिंब होऊन चिडचिड करते, पाणी मागत नाही अन् संध्याकाळी मलूल होऊन पडते. (आपला कूलर तिथे नेऊन लावला तर नुसती खोली ओली होईल, गार नाही होणार.) वाळू आणि पाण्यावरून ऊन उलटून तोंडावर येते ते वेगळं. म्हणून ओआरएसची पाकिटं, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मोठी टोपी आणि दर थोड्या वेळाने पाणी पाजत राहायचं, मागायची वाट पाहायची नाही. आणि तिथे दिवस आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी उगवते अन् तासभर आधी मावळते, घड्याळ मात्र तेच. मार्चमध्ये साडेपाचला लख्ख उजेड आणि संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला सूर्य गायब. आपली गावाकडची लेकरं तशीही कोंबड्यासोबतच उठतात, तर सकाळी सहा ते आठ समुद्र, मंग जेवून दुपारी झोप, आणि चारला परत पाणी, एवढंच टाइमटेबल ठेवा. लेखातल्यासारखं नाश्ता करून दहाला बीचवर पोचायचं हे लेकरांसाठी सगळ्यात वाईट.

बेटं किती करायची याच्यावर घरात आमचं खूप वाजलं, ह्यांना सगळं पाहायचं होतं, पैसे खर्च करून जाऊन राहिलो तर काहून सोडायचं म्हणे. शेवटी पोर्ट ब्लेअर आणि एकच बेट एवढ्यावर तोडपाणी झालं आणि बेट धरलं नील. हॅवलॉकचं राधानगर वाईट नाही, उलट वाळू अन् लांबी पाहता ते भारीच, पण तिथे लाटा असतात, आणि नीलचं भरतपूर जेट्टीच्या बाजूलाच आहे, पाणी दूरपर्यंत उथळ, सामान ठेवलं की लेकरं पाण्यात. तळाला काच असलेल्या बोटीतून खालचं प्रवाळ अन् मासे दिसतात त्यात आमच्या सासूबाई पण बसल्या. स्कूबाचं पोरगं दुकानांवरच्या पाट्या पाहून मागे लागेल, पण साधारण दहा वर्षांच्या खाली देतच नाहीत, ते घरूनच सांगून ठेवा. नीलची आणखी एक गंमत तुमच्या लेखात अर्ध्या ओळीतही नाही, हे शेतीचं बेट आहे, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे जमिनी देऊन वसवलं, आणि आज अंदमानातली भाजी बऱ्यापैकी तिथूनच जाते. आमच्या सासूबाईंना समुद्रापेक्षा तिथली वांगी, दोडके अन् सुपारीची झाडंच जास्त आवडली, बांधावर उभ्या राहून एका बंगाली बाईला हिंदीत विचारून राहिल्या होत्या की मजुरी काय आहे तुमच्याकडे. हिंदी तिकडे सगळ्यांना येते, भाषेची काही अडचण नाही. जेवणाचीही नाही, वरण-भात सगळीकडे मिळते, तरी दशम्या, चिवडा अन् मुरमुरे सोबत असू द्या.

बोटीबद्दल जरा लक्ष देऊन वाचा. आपल्यापैकी किती जणांनी डोंग्याशिवाय काही पाहिलंय? सरकारी बोट स्वस्त पण तिकिटाची मारामार, खाजगी बोट महाग पण लवकर पोचते. लेकरांना भरपेट खाऊ घालून नका चढवू आणि उपाशी पण नको, मधोमध आणि खालच्या मजल्यावर जागा मिळाली तर हलणं कमी जाणवते, उलटीचं औषध इथूनच लेकरांच्या डॉक्टरला विचारून, वजनाप्रमाणे, बोटीत चढायच्या आधी. मोठ्या माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, हे मी परत सांगते, कारण हवामान बिघडलं की बोट रद्द आणि बोट रद्द म्हणजे विमानाच्या तिकिटाचे पैसे समुद्रात. मोठा दवाखाना पण पोर्ट ब्लेअरलाच आहे, जी. बी. पंत, बेटांवर लहान सरकारी दवाखाने आहेत, तर ज्याच्या लेकराला दम्याचा वगैरे त्रास असेल त्यांनी औषधं दुप्पट न्यावी.

पाण्याची मात्र खरी भीती बाळगा. आपल्या पोरांना विहीर माहीत, तलाव माहीत, नदीचा डोह माहीत, पण लाट माहीत नाही. लाट येताना नाही, परत जाताना ओढते, पायाखालची वाळू सरकते आणि गुडघाभर पाण्यातलं लेकरू बसतं खाली. दोन्ही बाजूंना लाटा फुटून राहिल्या अन् मधात जिथे पाणी गुळगुळीत, शांत दिसते ना, तिथेच बरेचदा आत ओढणारा प्रवाह असतो, माणूस म्हणतो चला इथे लाटा नाहीत इथे लेकरांना खेळवू. जीवरक्षकाला विचारा, जिथे लोक खेळून राहिले तिथेच खेळा, लेकरू कायम हात लांब केला की पकडता येईल एवढ्याच अंतरावर, आणि मोबाईल पिशवीत. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हॉटेलवाल्याला रोज सकाळी विचारायचं. नीलचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच पाहता येतो, तिथे तळाला प्रवाळ अन् धारदार दगड, लेकरांना रबरी बूट घाला, चपलेने भागत नाही. आणि मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत, 2010 मध्ये हॅवलॉकला एका अमेरिकन पर्यटक बाईचा जीव गेलेला आहे.

बाराटांगबद्दल तर मला रागच आहे. पोर्ट ब्लेअरवरून शंभरेक किलोमीटर, पहाटे उठून ताफ्यात गाड्या लावायच्या, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून न थांबता जायचं, पुढे बोट, चुनखडीची गुहा, तसंच परत, म्हणजे अख्खा दिवस लेकरू गाडीत. तरी आम्हाला एका एजंटने फोनवर सांगितलं, ताई घ्या ना, नशीब असलं तर आदिवासी दिसतील. 1956 च्या कायद्याने तो भाग संरक्षित आहे, त्यांचे फोटो काढणं, खायला फेकणं गुन्हा आहे, आणि हे लोक नशीब म्हणून विकून राहिले. उद्या मेळघाटात नाहीतर भामरागडात कोणी गाडीतून उतरून आपल्या कोरकू, माडिया लेकरांना असं पाहायला लागलं तर चालंल का? तुमच्या लेखात पण 'जंगल सफारीचा थरार' असं छापून आलंय, ते वाचून वाईट वाटलं.

सेल्युलर जेल मात्र लेकरांना दाखवाच. 1896 ला बांधायला घेतलं, 1906 ला पूर्ण झालं, सात शाखा होत्या त्यातल्या तीनच उरल्या, सावरकर 1911 पासून दहा वर्षं तिथे होते, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढावे लागतात, गुडघेवाल्यांनी विचार करून जा. आमच्या मोठ्याने कोठडीत उभं राहून विचारलं की यात पंखा कुठे होता, त्याच्यावर कोण काय बोलणार. संध्याकाळचा लाईट अँड साऊंड शो लहानगं झोपूनच ऐकते, पण तिकीट आधी काढून ठेवा.

आणि शंख-शिंपले. आपल्या पोरांचे खिसे अर्ध्या तासात भरतात. प्रवाळाचा तुकडा तर सोडाच, कित्येक शंखही वन्यजीव कायद्याखाली येतात आणि विमानतळावर बॅग तपासतात, मंग लेकरू रडते अन् आपली मान खाली. पहिल्याच दिवशी सांगा, पाहायचं, हातात घ्यायचं, ठेवून यायचं.

मालदीवचं पण आता गावात बोलून राहिले लोक, तिथे भारतीयांना पोचल्यावर फुकट व्हिसा मिळतो हे खरं, पण तान्ह्या लेकराचाही पासपोर्ट लागतो, त्याची तयारी दोन-तीन महिने आधी.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी पुरवणीत सहलीचा लेख छापाल तेव्हा एक चौकट आपल्या भागातून निघणाऱ्यांसाठी टाका, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळवरून कसं जायचं, लेकरू असेल तर काय गाळायचं, आणि शेतीच्या कामातून कोणत्या महिन्यात जमंल. पॅकेजच्या जाहिराती तर रोजच येतात. आणि ते बाराटांगचं वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करा.

आपली,
एक वाचक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा