घटनेत पशुखाद्याचा कर कशाला?

महोदय,

प्रत्येक राज्याला स्वतःची घटना असावी आणि तिच्यातला प्रत्येक बदल जनतेला विचारूनच व्हावा, असं म्हणणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी बरीच वर्षं टेक्सासमध्ये राहतो, इथला मतदार आहे. इथे नेमकं हेच चालतं, म्हणून लिहितोय.

नोव्हेंबर २०२५मध्ये आमच्यापुढे घटनादुरुस्तीचे १७ प्रस्ताव होते. आदल्या रात्री मी आणि मुलगी नमुना मतपत्रिका घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. तिचं पहिलंच मतदान. गंभीर गुन्ह्यात जामीन केव्हा नाकारावा, यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. व्हायलाच हवा होता. पण त्याच कागदावर दुकानात विक्रीला ठेवलेल्या पशुखाद्यावरचा कर माफ करायचा का, हाही प्रश्न! मतदान केंद्रात मोबाइल चालत नाही, म्हणून तिने १७ उत्तरं वहीच्या पानावर उतरवून नेली. सगळे प्रस्ताव मंजूर झाले.

टेक्सासची ही राज्यघटना १८७६ची. यादवी युद्धानंतरच्या राज्य सरकारवर लोक चिडलेले होते, म्हणून सरकारचे हात बांधायला बारीकसारीक गोष्टीही तिच्यात लिहून ठेवल्या. आता त्यातलं काहीही हलवायचं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर जनतेचा कौल. आजवर ५००हून जास्त दुरुस्त्या झाल्या. जनावरं आणि कातडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं पद काढून टाकायला २००७मध्ये राज्यभर मतदान घ्यावं लागलं. २०२३मध्ये १४ प्रस्ताव होते, तेव्हा नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम १४ टक्के लोक आले. लोकांना दोष द्यावासा मला वाटत नाही. किती वाचायचं त्यांनी?

मग सगळी घटनाच नव्याने का लिहीत नाहीत? तेही झालं. १९७४च्या जानेवारीत १८१ आमदारच घटना परिषद म्हणून बसले. जुलैअखेर मसुदा मतदानाला आला. १२१ मतं हवी होती, पडली ११८. कामगार संघटनेचं सदस्यत्व नोकरीसाठी सक्तीचं नसावं, हे घटनेत घालायचं की नाही, या एका मुद्द्यावर माणसं अडून बसली होती. तीन मतांसाठी सात महिन्यांचं काम वाया गेलं, हे वाचताना आजही जीव हळहळतो. पुढच्या वर्षी तोच मजकूर बहुतांशी आठ प्रस्तावांत विभागून लोकांपुढे ठेवला, तर लोकांनी आठही फेटाळले. १९९९मध्ये दोन आमदारांनी नवा मसुदा आणला, तो मतदानापर्यंतही पोहोचला नाही.

जनतेला विचारावं, हे मलाही मनापासून पटतं. माझी विनंती एवढीच, की आपल्याकडे ही मागणी करणाऱ्यांनी कोणते विषय घटनेत असतील आणि कोणते साध्या कायद्यावर सोडायचे, याची यादी आधी मांडावी. पशुखाद्याचा कर दुसऱ्या यादीत असावा.

आपला नम्र,
एक वाचक, टेक्सास