तात्पुरत्या फुटपाथसाठी बजेटमधे वेगळे पैसे ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कॉर्पोरेशनच्या बजेटची चर्चा सुरू झाली की दरवर्षी तेच असतं, कमिशनर स्टँडिंग कमिटीसमोर ड्राफ्ट ठेवतात, मग वेरा (म्हणजे कर) वाढला का, पाणी, ड्रेनेज, ब्रिज, आणि पेपरात कोटींचे आकडे. माझी मागणी त्यामानाने अगदीच किरकोळ आहे. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी तात्पुरत्या सोयी करायला बजेटमधे एक वेगळं हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, ठेवा. तात्पुरत्या म्हणजे रस्त्यावर रंगाचे पट्टे, प्लास्टिकचे स्प्रिंग पोस्ट (धक्का लागला की वाकणारे खांब), बॅरिकेड, मोठ्या कुंड्या, उन्हाळ्यात वर हिरवी नेट, बस एवढंच. खोदकाम नाही की काँक्रीट नाही.

तात्पुरतं म्हटलं की लोकं लगेच म्हणतात की पैसे पाण्यात घालायचे धंदे. पण आपल्या वडोदऱ्यात तात्पुरतं काय नाही होत? विसर्जनासाठी नवलखी मैदानावर कृत्रिम तलाव होतो, काम झालं की संपलं, त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही कारण त्याचा उपयोग सगळ्यांना दिसतो. गणपतीत आणि नवरात्रात किती रस्ते बंद असतात, नरसिंहजींचा वरघोडा (मिरवणूक) निघाला की गावातली वाहतूक वळवतात, आणि गाव काही ठप्प होत नाही, लोकं पोळांतून, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांतून, वाट काढतात, गाडी लांब लावून चालत येतात. म्हणजे सवय आहे आपल्याला. देवासाठी होतं ते शाळेतल्या पोरांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी का नको एवढंच माझं म्हणणं.

गावातली कुठलीही शाळा घ्या, सुटायच्या वेळेला गेटबाहेर उभं राहून बघा. व्हॅनवाले आधीच येऊन तिरपे उभे, रिक्षा त्यांच्या मागे, आजोबा अ‍ॅक्टिवा चालूच ठेवून नातवाला हाका मारतायत, फुटपाथ असला तर त्यावर बोरं-आवळ्याची लारी (हातगाडी) आणि बाइका, आणि दुसरी-तिसरीतलं पोर पाठीवर दप्तर घेऊन दोन गाड्यांच्या फटीतून थेट रस्त्यावर येतं, येणाऱ्या गाडीवाल्याला ते दिसतच नाही कारण त्याची उंची गाडीच्या हँडलएवढी. इथे कायमचं बांधकाम कशाला हवं? सुटायच्या आधी आणि नंतर थोडा वेळ बॅरिकेड लावून गेटसमोरचा तुकडा गाड्यांना बंद केला, व्हॅन कोपऱ्यापलीकडे उभ्या केल्या आणि दोन माणसं ठेवली तर काम भागतं. पण त्या बॅरिकेडला आणि त्या माणसांना पैसे लागतात, आणि ते कुठल्या हेडखाली घालायचे हेच ठरलेलं नसलं की फाइल फिरतच राहते.

आता बाहेरचं उदाहरण सांगतो. २०२० च्या मे महिन्यात, करोनात, ब्रिटन सरकारने तिथल्या कौन्सिलांना नेमकं ह्याच कामासाठी २५ कोटी पौंड जाहीर केले, बस-ट्रेनमधे गर्दी नको म्हणून लोकांनी चालावं, सायकल चालवावी. मला रकमेपेक्षा त्याच्या अटी आवडल्या. पहिल्या हप्त्याचे पैसे मंजूर झाल्यापासून चार आठवड्यात काम सुरू करायचं, सुरू केल्यापासून आठ आठवड्यात पुरं करायचं, नाहीतर पैसे परत मागू. आणि नुसते पांढरे पट्टे मारून रस्ता होता तसाच राहणार असेल तर त्याला पैसे नाहीत. आपल्याकडे अशी अट कोणी घातल्याचं निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही!

तिथे सगळं गोडगोड झालं असंही नाही हं. घाईघाईत कामं केली, लोकांना विचारलं नाही म्हणून बोंबाबोंब झाली, लंडनमधे केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरची सायकल लेन तर कौन्सिलने साधारण सात आठवड्यात काढूनच टाकली. मग पुढच्या हप्त्याला सरकारने आधी लोकांशी बोला अशी अट घातली. उलट पॅरिसमधे त्याच सुमाराला र्यू द रिव्होलीवर खाजगी गाड्या बंद करून सायकलींना जागा दिली, ती पुढे कायमची झाली. तात्पुरत्याचा फायदा हाच की चुकलं तर पोस्ट उचलून गोडाऊनमधे ठेवता येतात, ब्रिज चुकला तर काय करणार. फक्त काढायचं तेही मोजून काढा, चार जणांनी आरडाओरडा केला म्हणून नको.

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. २०२० मधेच केंद्राच्या शहरी कार्य मंत्रालयाने सायकल्स फॉर चेंज नावाची स्पर्धा काढली होती, शंभराहून जास्त शहरं त्यात उतरली आणि शेवटी ११ शहरांना प्रत्येकी १ कोटीचं बक्षीस जाहीर झालं, त्यात आपलं वडोदरा होतं! सोबत नागपूर, पिंपरी-चिंचवड, सुरत, राजकोट, आणि कोहिमासारखं डोंगरावरचं गावसुद्धा. किती जणांना हे माहीत आहे? मी सोसायटीत विचारलं तर कोणालाच नाही. पण बक्षीस एकदाच मिळतं. पट्टे पावसाळ्यात पुसले जातात, पोस्ट गाड्यांच्या धक्क्याने मोडतात, ते बदलायला दरवर्षी पैसे लागतात. म्हणून म्हणतो की हेड कायमचं हवं, सोय तात्पुरती असली तरी.

कुठून सुरू करायचं? माझ्या मते लहरीपुरा दरवाजा ते मांडवी. चालत पाच-सात मिनिटांचा रस्ता, पण सणावाराला तो पार करायचा म्हणजे दिव्य. तिथल्या न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीतून कोर्ट गेलं, गर्दी काही गेली नाही. तिथे रविवारी सकाळी गाड्या बंद ठेवून बघा, मग हळूहळू संध्याकाळी. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा काही भाग पादचारी दिन म्हणून गाड्यांना बंद करतात, तो काय आपल्या ह्याच वाटेवरच्या मंगळ बजारपेक्षा कमी धंद्याचा रस्ता आहे का.

दुकानदार विरोध करणार हे नक्की. मंगळ बजारात बांगड्या घेताना हा विषय काढला तर दुकानदार म्हणाला, अहो काका, गिऱ्हाईक गाडी घेऊनच येतं, गाडी बंद तर धंदा बंद. मी म्हटलं मग दुकानासमोर ह्या तीन गाड्या लागल्यात त्या कुठल्या गिऱ्हाइकांच्या? तर एक त्याची, एक भावाची, एक दुकानातल्या मुलाची, सकाळपासून तिथेच. तोही हसला. पण त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, माल उतरवायला टेम्पो कधी येणार, गुडघे दुखणाऱ्या बाईला रिक्षा कुठपर्यंत आणणार, हे आधी ठरवायलाच हवं. लारीवाल्यांचंही तेच, त्यांना हाकलून फुटपाथ मोकळा केला म्हणायचं हे बरोबर नाही, २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे आणि लारीच नसेल तर तिथे चालत जाणार कोण! रस्त्यांच्या नियमावलीत फुटपाथला निदान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे, तेवढी पट्टा मारून सोडा आणि बाकीच्यात लाऱ्यांची जागा आखून द्या.

तर आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांनी बजेटच्या सभेत हा मुद्दा मांडावा. मागणी सरळ आहे: वेगळं हेड, चार आठवड्यात सुरुवात, आणि आधी व नंतर माणसं, सायकली, गाड्या मोजून आकडे वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर लावणं, सोबत दुकानदारांचा गल्ला वाढला की कमी झाला हेही विचारून लिहिणं. मोजायला माणसं नाहीत असं कोणी सांगू नये, आमच्याकडे रिटायर झालेले पुष्कळ आहेत, सकाळी बागेत बसण्याऐवजी मांडवीच्या दरवाजाखाली बसू, चहाचे पैसेही मागणार नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
दांडिया बाजार, वडोदरा