मसाया ऐकायचा तर जुन्या वाद्यांवर

संपादक साहेब,
ख्रिसमस आला की हँडेल या जुन्या संगीतकाराच्या ‘मसाया’ या येशूवरच्या मोठ्या गायनकृतीतला हालेलुया सगळीकडे वाजतो, तोही शे-दोनशे जणांचा कोरस आणि दणदणीत ऑर्केस्ट्रा घेऊन, त्यामुळे मला हा प्रकार नुसता गलकाच वाटायचा. मग भाच्याने क्रिस्टोफर हॉगवूड या वाद्यवृंद-संचालकाचं १९८० सालचं रेकॉर्डिंग ऐकवलं. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयात १७५४ला जो प्रयोग झाला त्याची ही आवृत्ती, व्हायोलिनला आतड्याच्या तारा, पट्टी आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली आणि कोरसमधे वरच्या पट्टीला बायका नाहीत, चर्चच्या क्वायरमधली पोरं. पहिली पाच मिनिटं आवाज किरटा वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्यातली गायिका एमा कर्कबी गायला लागली आणि चहा गार झाला! गळ्यात कंप जवळपास नाहीच, तानपुऱ्यावर षड्ज लावावा तसा सरळ सूर, कोरस कमी माणसांचा म्हणून कोण कधी शिरतंय तेही कळतं.
तक्रार एकच, मोबाइल अ‍ॅपवर ऐकताना मधेच टूथपेस्टची जाहिरात आली. सीडी कुणाकडे मिळाली तर तीच घ्या, आणि हालेलुयावर थांबू नका, त्याच्यापुढे अख्खा तिसरा भाग आहे.
– एक वाचक, पुणे